पेमेट्रेक्सेडनंतर मेसोथेलिओमा वाढला, तर निवोलुमॅब एकटं की जोडीनं?

अर्धविराम
प्ल्यूरल मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर), एपिथेलिऑइड हा पेशींवरून ठरणारा प्रकार, शस्त्रक्रियेजोगा नाही. पेमेट्रेक्सेड-सिस्प्लॅटिन या केमोच्या सहा सायकल झाल्या, आता रोग पुन्हा वाढतोय. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं, जसं निवोलुमॅब) आधी दिलेली नाही. ट्रायल वाचल्या तर निवोलुमॅबची कन्फर्म म्हणते फायदा आहे, त्याच जातीच्या पेम्ब्रोलिझुमॅबची प्रॉमिस-मेसो म्हणते केमोपेक्षा सरस नाही. मग धरायचं काय? पीडी-एल१ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) तपासून काही ठरतं का? आणि इपिलिमुमॅब हे दुसरं इम्युनोथेरपीचं औषध जोडायचं का?

पाणकोंबडी
दोन्ही खऱ्या आहेत. तुलना कोणाशी केली ते बघा. कन्फर्ममध्ये (ब्रिटन, ३३२ पेशंट) निवोलुमॅबच्या समोर नुसता प्लासिबो होता. निम्मे पेशंट हयात असण्याचा काळ १०.२ महिने, प्लासिबोत ६.९. प्रॉमिस-मेसोत (१४४ पेशंट) पेम्ब्रोलिझुमॅबच्या समोर जेमसिटाबिन किंवा विनोरेलबिन ही केमो होती. तिथे रोग आकसला २२ टक्के विरुद्ध ६ टक्के लोकांत, पण वाढ रोखून धरण्याचा काळ २.५ महिने, केमोत ३.४. एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. अर्थात केमो गटातल्या ६३ टक्के लोकांना रोग वाढल्यावर पेम्ब्रोलिझुमॅब मिळालंच होतं, त्यामुळे तो आकडा जरा धुरकटच आहे.

थोडक्यात, काहीच न देण्यापेक्षा नक्की बरं, केमोला हरवलेलं नाही. मोजक्यांना चांगलं लागू पडतं आणि त्यांना टिकतं, बाकीच्यांचा रोग पहिल्या-दुसऱ्या स्कॅनलाच पुढे गेलेला असतो.

पीडी-एल१वर निर्णय टांगू नका. कन्फर्ममध्ये त्याचा फायद्याशी मेळ बसला नाही.

सलाईनस्टँड
जोडीबद्दल (निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब): फ्रान्सच्या मॅप्स-२ ट्रायलमध्ये १२५ पेशंट होते. १२ आठवड्यांना रोग आटोक्यात असलेले एकट्या निवोलुमॅबवर ४४ टक्के, जोडीवर ५०. पण ही ट्रायल दोन गटांची आपसांत तुलना करण्यासाठी आखलेलीच नव्हती. जोडीच्या गटात औषधामुळे तीन मृत्यू झाले, तेव्हा अशक्त पेशंटला जोडी देताना दहादा विचार करावा. सीटीएलए-४ (प्रतिकारशक्तीचा एक ब्रेक) रोखणारं, म्हणजे इपिलिमुमॅबच्या जातीचं औषध एकटं देऊन उपयोग नाही. ट्रेमेलिमुमॅब ५७१ जणांत प्लासिबोपुढे टिकलं नाही.

आणि एक. चेकमेट-७४३ या ट्रायलनंतर, म्हणजे २०२० पासून, ही जोडी पहिल्याच फेरीत देतात. तुमचा प्रश्न फक्त केमो झालेल्यांचा आहे. जोडी आधीच होऊन रोग वाढला असेल, तर तेच पुन्हा देण्याला आधार फार कच्चा. तिथे केमोकडेच वळतात.

डोस: एकटं निवोलुमॅब २४० मिग्रॅ दर दोन आठवड्यांनी (कन्फर्ममध्ये हेच, जास्तीत जास्त १२ महिने), ३० मिनिटांत, फिल्टर असलेल्या सेटमधून. जोडीत निवोलुमॅब आधी, मग इपिलिमुमॅब १ मिग्रॅ प्रति किलो, दर सहा आठवड्यांनी. सुरू करण्याआधी थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी४, सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड), लिव्हर, किडनीसाठी क्रिएटिनिन, साखर, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढतं), ईसीजी आणि हेपटायटिस बी. नंतर ट्रोपोनिन वाढलं तर तुलनेला आधीचा आकडा हवा, तो नसेल तर अंदाजपंचे होतं.

पाणकोंबडी
स्कॅनमध्येच सगळ्यात जास्त चुका होतात. हा रोग गोळ्यासारखा नाही, सालीसारखा पसरतो. म्हणून सर्वांत लांब व्यास मोजून चालत नाही. छातीच्या भिंतीला काटकोनात जाडी मोजायची, तीन पातळ्यांवर प्रत्येकी दोन ठिकाणी, आणि सहाही मापांची बेरीज. पुढच्या वेळी कट दुसऱ्याच पातळीवर गेला की बेरीज फुकट. छातीत पाणी असेल तर शक्यतो काढून मग सीटी. टाल्कने प्ल्यूरोडेसिस (पाणी साचू नये म्हणून आवरण चिकटवणं) झालं असेल तर पेट स्कॅनवर तो भाग वर्षानुवर्षं चमकतो, त्याला रोग समजू नये.

दोनचमचे
दुष्परिणामांत घात होतो तो ओळखण्यात. दम वाढला की सगळे म्हणतात रोग वाढला; न्युमोनायटिस (औषधामुळे फुप्फुसाला येणारी सूज) आधी वगळा. जुलाबांवर लोपेरामाइड देत बसलं की कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) झाकला जातो. थकवा आणि बीपी कमी, तर कॉर्टिसॉल बघा. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील तर हायड्रोकॉर्टिसोन आधी, थायरॉक्सिन नंतर. उलट केलंत तर पेशंट कोसळतो.

ग्रेड ३ च्या, म्हणजे गंभीर दुष्परिणामाला इम्युनोथेरपी थांबवून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १ ते २ मिग्रॅ प्रति किलो, उतरवायला निदान चार ते सहा आठवडे. घाईने उतरवलं की त्रास उसळतो. स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या कोलायटिसला इन्फ्लिक्सिमॅब चालतं, लिव्हरच्या त्रासात नाही, तिथे मायकोफेनोलेट. निवोलुमॅब अर्धं उतरायलाच सुमारे २५ दिवस लागतात, तेव्हा बंद केल्यावर काही महिन्यांनीही त्रास उपटू शकतो.

अर्धविराम
भूक लागावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आधीच चालू असेल तर?

दोनचमचे
सुरू करण्याआधी रोज १० मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या बरोबरीपेक्षा कमीवर आणा. डेक्साचे साधारण दीड मिग्रॅ म्हणजेच तेवढे. ग्रंथी काम करत नाही म्हणून भरपाईचं हायड्रोकॉर्टिसोन असेल तर त्याला हात लावू नका.