भावाला गांजा आणि आवाज दोन्ही, ग्रुप कुठला?

धाकट्याची_ताई: भाऊ २२ वर्षांचा, गांजा ओढायचा, मग कानात आवाज यायला लागले. आता औषध चालूय, पण दिवसभर पडदे लावून बसतो, म्हणतो माझ्यासारखं कोणालाच होत नाही. पुण्यात त्याच्याशी बोलेल असं कोणी आहे का?

सातारकर: ताई, मला हेच झालं होतं. एका व्यसनमुक्ती केंद्रात म्हणाले मानसिक गोळ्या बंद कर, तेही व्यसनच, आणि मी ऐकलं, महिन्याभरात आवाज परत. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात सोडू देऊ नका. मला सावरलं ते स्वमदत ग्रुपमधल्या, हेच भोगलेल्या एका दादाने, तो एवढंच म्हणाला, "मलाही पंख्यातून ऐकू यायचं." त्या रात्री नीट झोपलो.

आई_नाशिक: पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली, त्यांच्याकडे स्वमदत गट चालतात. व्यसनासाठी पुण्यातलंच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासूनचं. दोन्हीकडे दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगा गं, लपवू नका. रात्री घाबरला तर टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

धाकट्याची_ताई: सातारकर दादा, पंख्याचं त्याला वाचून दाखवलं. उठून बसला, म्हणाला परत वाच.