मदत हवी आहे: फ्लॉरेन्समध्ये साडेतीन दिवस, म्युझियम पास आणि बसचा पास घ्यावा का?

रंकाळावेस:
नमस्कार. कोल्हापूरहून आम्ही पाच जण इटलीला निघालोय: आम्ही दोघं, आई (वय 66, गुडघ्यांचा त्रास), मुलगा 12 आणि मुलगी 6. रोमहून रेल्वेने गुरुवार, 1 ऑक्टोबरला दुपारी एकच्या सुमारास फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्टेशनवर पोहोचतोय. सोमवारी सकाळी तिथूनच व्हेनिसची गाडी. मुक्काम स्टेशनजवळ आहे.

बघायचं ते असं: उफिझी हे चित्रसंग्रहालय, अकादेमिया या संग्रहालयामधला मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, मोठं चर्च (कॅथेड्रल) आणि जमलं तर त्याचा घुमट. एक गोष्ट मात्र काहीही झालं तरी चुकवायची नाही, ती म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं (दुसरे राजाराम) स्मारक. आईचा मूळ हट्ट तोच.

प्रश्न:
1. फिरेन्झेकार्ड, म्हणजे शहराचा म्युझियम पास, घ्यावं का? 72 तासांचं, 85 युरोला दिसतंय. मुलांनाही लागेल का?
2. बस-ट्रामचा पास काढावा की सुटी तिकिटं?
3. स्मारकाला कसं जायचं? तिकीट, वेळ काही आहे का?

---

जुना_राजवाडा:
तुमच्या तारखा बघता फिरेन्झेकार्ड नको. कारणं सांगतो.

मुलांचं आधी. उफिझी, अकादेमिया, पित्ती राजवाडा ही सरकारी संग्रहालयं आहेत. 18 वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश फुकट, मग देश कुठलाही असो. मुलांसाठी कार्ड घ्यायचा प्रश्नच नाही. आईंना मात्र ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत नाही, पूर्ण तिकीट पडेल. म्हणजे हिशेब तीन मोठ्यांचा.

तीन कार्डांचे 255 युरो होतात. सुट्या तिकिटांचा 2025 चा भाव धरा: उफिझी 25 आणि अकादेमिया 16, वर प्रत्येकी 4 युरो आगाऊ वेळ राखण्याचे. माणशी 49, तिघांचे 147. कार्ड वसूल व्हायला माणशी आणखी 36 युरोची संग्रहालयं 72 तासांत बघावी लागतात. सहा वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे घेऊन ते होत नाही. ज्याला रोज चार-पाच ठिकाणं पालथी घालायची आहेत, त्याच्यासाठी ते कार्ड चांगलं आहे.

दुसरं असं की कार्ड घेतलं म्हणजे रांग टळली, ही समजूत चुकीची आहे. उफिझी आणि अकादेमियाला कार्ड असूनही वेळ वेगळी राखावीच लागते. कार्ड घेऊन तिथे गेल्यावर वेळच शिल्लक नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. शिवाय मोठ्या चर्चचा घुमट त्यात धरलेला नाही आणि बस-ट्रामही नाही.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. 4 ऑक्टोबर हा महिन्यातला पहिला रविवार आहे. त्या दिवशी सरकारी संग्रहालयं सगळ्यांना मोफत असतात. पण त्या दिवशी उफिझीला जाऊ नका, रांग फार मोठी लागते. रविवार पित्ती राजवाड्याला द्या, तिथे माणसं पांगायला जागा आहे. आणि सोमवारी उफिझी, अकादेमिया, पित्ती तिन्ही बंद, त्यामुळे कुठलंही काम सोमवारवर ढकलू नका.

म्हणून शुक्रवारी सकाळी सव्वाआठची उफिझी, शनिवारी सकाळी अकादेमिया. दोन्हींची तिकिटं आत्ताच काढा. मुलांचं तिकीट शून्य युरोचं असलं तरी आरक्षणात त्यांची नावं घाला. 4 युरोचं शुल्क त्यांनाही लागतं आणि हे विसरलं की दारात मुलं आणि पालक वेगळ्या रांगेत अडकतात. नावं पासपोर्टवर आहेत तशीच भरा. संकेतस्थळ अधिकृतच आहे ना ते तपासा. आरक्षणाचे 4 युरोच्या जागी 15-20 लावत असतील तर तो मधला विक्रेता समजा.

अकादेमियाला सामान ठेवायची खोली नाही. मोठी पाठपिशवी मुक्कामावर ठेवूनच निघा.

---

भवानी_मंडप_७०:
चर्चबद्दल थोडं. कॅथेड्रलमध्ये प्रवेश फुकट आहे, पण रविवारी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं. तेव्हा शुक्रवार दुपार किंवा शनिवार. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलाला बर्म्युडा घालू नका.

घुमटाला 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे आणि मधूनच मागे फिरता येत नाही. त्यासाठी ब्रुनेलेस्की पास: मोठ्यांना 30 युरो, 7 ते 14 वयाला 12. पास तीन दिवस चालतो, पण घुमटाची वेळ एकदा ठरली की बदलत नाही. तुमच्यात एकाने मुलाला घेऊन चढावं, म्हणजे 42 युरोत काम होतं. दुसऱ्याने आई आणि धाकटीसोबत खाली थांबावं. सगळ्यांना हा पास घेणं म्हणजे पैसे वाया.

---

पंचगंगा_घाट:
बसचा पास नको. स्टेशन, कॅथेड्रल, उफिझी, अकादेमिया हे सगळं पायी पंधरा-वीस मिनिटांच्या टापूत येतं. साडेतीन दिवसांत तिकिटं लागून लागून पाच-सहा लागतील. एक तिकीट 1.70 युरो, 90 मिनिटं चालतं, त्यात बस आणि ट्राम दोन्ही बदलता येतात.

लोक चुकतात ते इथे: कागदी तिकीट नुसतं खिशात असून चालत नाही, चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, जागेवर दंड. दुसरा मार्ग बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं. पण आपल्या बँकांच्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देणं या दोन्ही सोयी बहुधा बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा, तिथे पोहोचल्यावर ओटीपीची भानगड होते. प्रत्येकाने आपापलं कार्ड वापरलेलं बरं.

आईंसाठी: गावठाणातल्या बोळांतून C1, C2 अशा C अक्षराच्या लहान विजेवरच्या बस फिरतात, तिकीट तेच. रस्त्यात हात करून टॅक्सी थांबत नाही, ती थांब्यावरून घ्यायची किंवा फोनवर बोलवायची.

आता स्मारक. तिकीट नाही, दार नाही, उघड्यावर बागेत आहे, कधीही जा. ही कास्चिने बाग, साडेतीन किलोमीटर लांब, आर्नो नदीच्या काठाने. स्मारक तिच्या अगदी पश्चिम टोकाला आहे आणि गफलत इथेच होते. स्टेशनजवळून T1 ट्राम घेतली की ‘कास्चिने’ नावाचा थांबा येतो, नाव बघून लोक उतरतात आणि स्मारक शोधत बसतात. तिथून अजून सुमारे तीन किलोमीटर चालायचं आहे. वाट सपाट, झाडांची, पण आईंना जमणार नाही. स्टेशनच्या थांब्यावरून थेट टॅक्सी करा आणि परतीची तिथेच ठरवून घ्या, कारण त्या टोकाला टॅक्सी मिळत नाही.

चालकाला ‘राजाराम’ म्हणून कळणार नाही. ‘मोनुमेंतो अल् इंदियानो’, म्हणजे भारतीयाचं स्मारक, म्हणा. शेजारच्या पुलालाही इंदियानोचंच नाव आहे, त्यामुळे ‘पूल नको, बागेतलं स्मारक’ हे स्पष्ट सांगा, नकाशात खूण करून दाखवा.

महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, म्हणूनच ही स्मारकाची छत्री इतक्या लांब, संगमाशी आहे. 1874 साली ती उभी राहिली. आतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मॅंट या इंग्रज वास्तुकाराचा, ज्याने आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधला. आईंना जाण्याआधी न्यू पॅलेस एकदा नीट दाखवून आणा, तिथे छत्रीजवळ उभं राहिल्यावर ओळख पटेल.

---

रंकाळावेस:
सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी दुपारी पोहोचल्यावर पालाझ्झो वेक्कियो (तिथला जुना राजवाडा) उरकावं म्हणतोय, चालेल?

---

जुना_राजवाडा:
गुरुवारी ते दुपारी दोनला बंद होतं, एकला गाडीतून उतरून जमणार नाही. गुरुवारची दुपार स्मारकाला द्या. सामान मुक्कामावर टाका, तीनच्या सुमारास टॅक्सी करा, ऊन कललेलं असेल. आईंचं काम पहिल्याच दिवशी होईल, आणि त्या दिवशी पाऊस लागला तरी हाताशी शनिवारची दुपार राहील.

---

पंचगंगा_घाट:
हो, गुरुवारच बरा. फुलं न्यायची असतील तर शहरातूनच घेऊन निघा. पाणीही सोबत ठेवा.