'कौमार्य गमावणे'ला दुसरा शब्द आहे का?

शब्दवेल्हाळ: किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतेय. पहिल्या शरीरसंबंधाच्या प्रकरणात अडकले. 'कौमार्यभंग' लिहिलं की मोडतोड झाल्यासारखं वाटतं, 'गमावलं' लिहिलं की नुकसान. शिवाय मजकूर मुलग्यांनाही लागू आहे. मुलग्याचं कौमार्य गेलं असं म्हणतो का आपण?

मोडीवाचक: का नाही? शब्द मुळात 'कुमार'वरूनच आला. गीतेत 'कौमारं यौवनं जरा' आहे, तिथे कौमार म्हणजे निव्वळ बालपण.

सांजपक्षी: व्युत्पत्ती काही म्हणो, कानाला कौमार्य बाईचंच. मुलगा फार तर 'ब्रह्मचारी', आणि तो त्याचा स्वतःचा निश्चय! माझ्या आजीच्या तोंडी यातलं काहीच नव्हतं. ती म्हणायची, 'पोर नासली.' मुलगा 'वाया' जायचा, पण वाया गेलेला ताळ्यावर येतो. नासलेलं पुन्हा नीट होत नाही. लहानपणी हे ऐकून मी फार घाबरायचे.

मोडीवाचक: आजीचं खरं, पण परंपरा एवढीच नाही. पंचकन्या पाहा. अहल्या, द्रौपदी, कुंती, तारा, मंदोदरी, पाचही लग्न झालेल्या. लग्न न झालेल्या कन्येच्या मुलासाठी तर पाणिनीने 'कानीन' शब्द नोंदवलाय. कर्ण कानीन. म्हणजे मूल झालं तरी ती कन्याच.

कात्रण: आणि 'कुमारी माता'? वर्तमानपत्रं सर्रास छापतात. तिथे कुमारी म्हणजे फक्त लग्न न झालेली.

रानजाई: तुम्ही पुराणात रमलात. मी नर्स आहे, मला 'योनिपटल' खुपतं. पटल म्हणजे पडदा, आणि पडदा म्हटला की तो फाटणारच असं मुली धरून चालतात. असतो तो योनिमुखाशी लवचिक घडीसारखा काठ. एरवी बंद असता तर पाळी बाहेर कशी आली असती? पहिल्या वेळी रक्त येतंच असं नाही, तपासून काही सिद्धही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलंय की कौमार्य ही वैद्यकीय संज्ञाच नाही. स्वीडनमध्ये २००९ साली एका लैंगिक शिक्षण संस्थेने कौमार्याच्या पडद्याचा जुना शब्द टाकून 'योनीचं कडं' अशा अर्थाचा नवा आणला. आपणही 'योनिवलय' म्हणू या.

लेखणी: कोशात नसलेला शब्द मुलांच्या हाती देऊ नये. त्यांना 'व्हर्जिन' कळतं, तेच लिहा.

मोडीवाचक: 'दिनांक' आणि 'महापौर' सावरकरांनी घडवले तेव्हा कुठल्या कोशात होते? व्हर्जिन मात्र नको.

सांजपक्षी: व्हर्जिन का नको? निदान तो मुलग्यालाही लावतात.

शब्दवेल्हाळ: सध्या 'पहिला शरीरसंबंध' एवढंच लिहून ठेवलंय. पण 'कौमार्य गेलं असं लोक मानतात' या वाक्याचं काय करू?

कात्रण: त्याआधी 'शीलभंग', 'विनयभंग' बघा. हात दुसऱ्याने टाकायचा आणि भंग हिच्या शीलाचा, हिच्या विनयाचा?

लेखणी: विनयभंग कायद्यात रुळलेला शब्द आहे, त्याला हात लावू नका.

रानजाई: रुळलेलं तर योनिपटलही आहे.