मदत हवी आहे: ६/८ लिहू की ३/४?

स्वतः बांधलेली एक ट्यून पहिल्यांदाच नोटेशनमध्ये उतरवतोय आणि टाइम सिग्नेचरपाशीच (सुरुवातीला लिहितात तो ६/८, ३/४ असा तालाचा आकडा) गाडी अडलीये. एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधला तालाचा एक तुकडा) सहा एट्थ नोट्स (पूर्ण नोटच्या एक-अष्टमांश लांबीच्या) येतात, म्हणजे ३/४ पण बसतं आणि ६/८ पण, बेरीज सारखीच. पायाने ठेका धरला की दोनच ठोके पडतात, तीन-तीनचे दोन गट, म्हणून ६/८ च बरोबर वाटतं, पण कोरसमध्ये मेलडी मध्येच दोन-दोनच्या तीन गटांत जाते (हेमिओला तो हाच ना?) आणि माझं डोकं फिरतं. तेवढ्या चार बारसाठी सिग्नेचर बदलू की ६/८ ठेवून नुसते अ‍ॅक्सेंट (जोर दाखवणाऱ्या खुणा) देऊ? वाजवणाऱ्याला वाचायला सोपं काय जातं? आणि बीमिंगचं (नोट्स आडव्या रेघेने गटात जोडण्याचं) काय, सॉफ्टवेअर तर विचारल्याशिवाय तीन-तीन नोट्स जोडून मोकळं होतंय.