वजन ३९ किलो, शंभर दिवस पाळी नाही, बाळ हवं आहे. मदत हवी

ताईंनो, पहिल्यांदाच लिहिते आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, वय २६. दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न सुरू आहेत.

लग्नात माझं वजन ४६ होतं, आता ३९. उंची पाच फूट. पाळी आधी तारखेवर यायची. मागच्या कापूसवेचणीपासून लांबत लांबत दीड-दोन महिन्यांवर गेली, आता शंभर दिवस झाले. दरवेळी वाटतं, दिवस गेले असतील. परवा तिसरी किट आणली. न्हाणीत हातात धरून उभी होते, एकच रेघ. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराबाहेर होत्या. माझं तोंड पाहून त्या काही न बोलता चुलीकडे गेल्या.

आधी एका दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी एकदा पाळी आली, परत बंद. वजन कोणी केलंच नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या मॅडमनी काट्यावर उभं केलं. म्हणाल्या, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १७ च्याही खाली आहे, १८.५ तरी हवा, म्हणजे ४३ किलो. शरीराला स्वतःलाच पुरत नसलं की मेंदू अंडाशयाला निरोप धाडणं थांबवतो, बीज तयार होत नाही. गोळीने रक्तस्राव होतो, बीज सुटत नाही. हिमोग्लोबिनही कमी, ९.२ आहे. थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लिहून दिली आहे.

पहाटे चारला उठते, सैपाक करून वावरात जाते. पहिला घास दुपारी, भाकर आणि ठेचा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर बसते, तोवर वरण संपलेलं असतं. सोमवार-गुरुवार उपास, तेही बाळासाठीच धरलेले. मला कोणी उपाशी ठेवत नाही, घरची माणसं मायेची आहेत. पद्धतच तशी पडली आहे.

वजन वाढल्यावर पाळी परत आलेली कोणी आहे का? किती दिवस लागले? आणि उपास सोडते हे आत्याबाईंना कसं सांगू?

उत्तर

बाई, मी चंद्रपूरकडची. माझं ४० होतं. ४५ व्हायला आठ महिने लागले, पाळी सहाव्या महिन्यात आली. घाई करू नको, पण तपासण्या लांबवू नको, कारण थायरॉईड निघालं तर नुसत्या खाण्याने भागणार नाही. तुझ्या नवऱ्याचीही वीर्यतपासणी करून घे. सिकलसेल तुझ्यात निघालं तर त्यांचंही रक्त तपासावं लागेल.

फॉलिक अॅसिडची गोळी आतापासूनच मॅडमना विचारून सुरू कर. पाळीच्या आधी बीज सुटतं, म्हणून पाळी न येताही दिवस राहू शकतात. लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नको, लिंबूपाणी घे.

मी फल्लीदाणे-गुळाचे लाडू पदरात बांधून न्यायची, दहा वाजता धुऱ्यावर बसून खायची. भाकरीवर जवसाची चटणी आणि वरून कच्चं तेल.

उपासाचं तू सांगू नको. पुढच्या वेळी आत्याबाईंना सोबत ने, मॅडमच्या तोंडून ऐकू दे. माझ्या सासूने तसंच ऐकलं आणि त्या रात्रीपासून माझ्या वाट्याचं वरण आधीच वाटीत काढून झाकून ठेवायला लागल्या.