विल-शॅल म्हणजेच भविष्यकाळ?

विल किंवा शॅल लावलं की इंग्रजी भविष्यकाळ झाला, असं सर्रास म्हटलं जातं. शाळेत आम्हीही तेच घोकलं. खरं तर 'करीन', 'जाईल' किंवा कोंकणीतलं 'वतलों' यांसारखं क्रियापदाचं खास भविष्यरूप इंग्रजीत नाहीच. विलचा मूळ अर्थ इच्छा, शॅलचा देणं लागणं. मग भविष्य सांगायला इतर रूपांची उसनवारी चालते.

मांडवीवर काळे ढग दिसले की 'इट्स गोइंग टू रेन', कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे. मडगावात उद्या कुणाला भेटायचं पक्कं ठरलंय, तर 'आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो'. वेळापत्रकातली बस मात्र साध्या वर्तमानकाळात सुटते: 'द बस लीव्हज ॲट सिक्स'. फोन वाजल्यावर आयत्या वेळी उठलात, तर 'आय विल गेट इट'.

आपली मुलं हमखास अडकतात ती 'व्हेन ही विल कम' इथे. तिथे 'व्हेन ही कम्स' हवं. आपण तरी 'तो येईल की निघू' कुठे म्हणतो? 'तो आला की निघू' म्हणतो, म्हणजे चक्क भूतकाळ! आणि पणजीच्या बसस्टँडवर अजून पोचलेलाही नसणारा माणूस फोनवर 'आलोच' म्हणतो, त्याला कोणता काळ म्हणायचा?