रोज शहादा ते धडगावचा घाट : हिमालयनच्या मागच्या चाकाला कोणतं टायर घालू?

शहाद्याचा विज्ञान शिक्षक

नमस्कार मंडळी. माझी २०१९ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकल आहे. राहायला शहाद्यात, शाळा धडगावच्या अलीकडे एका पाड्याजवळ. जाऊन-येऊन ७६ किमी, म्हणजे महिन्याला साधारण १,८०० किमी. जवळजवळ सगळा रस्ता डांबरी, मधे घाट, आणि शेवटचे तीन किमी कच्चे. उन्हाळ्यात तिथे मुरूम आणि सुटी खडी असते, पावसात नुसता चिखल.

कंपनीकडून आलेलं मागचं सिएट ग्रिप एक्सएल १६,००० किमी चाललं. नंतरही दोन टायर झाली, तीही साधारण तेवढीच टिकली. यंदा जूनमध्ये एका दुकानदाराने सांगितलं, "सर, पाड्यावर जाता ना, मग बटन टायरच घ्या." म्हणजे सुट्या उंच ठोकळ्यांची नक्षी असलेलं. घेतलं. चिखलात त्याने खरंच साथ दिली. जिथे मी गाडी लावून पायी जायचो, तिथून यंदा गाडीवर गेलो. पण दिवाळीच्या सुट्टीत गाडी धुताना पाहिलं तर मधली बटनं पार सपाट. ७,००० किमीसुद्धा झाले नाहीत.

आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. ऑगस्टमध्ये घाट उतरताना ओल्या डांबरावर एका वळणात मागचं चाक हातभर सरकलं. मागे माझी मुलगी बसली होती. पडलो नाही. पण अजूनही ते वळण आलं की हँडलवरची मूठ आपोआप आवळली जाते.

माप मागचं १२०/९०-१७, पुढचं ९०/९०-२१. पकड हवी आणि टिकायलाही हवं. काय घेऊ?

अमळनेरचा एक्सपल्सवाला

सर, टायर चांगलं शे, पन हवा कोन दखस? आधी हवा किती ठेवता ते सांगा.

माझी गाडी हिरोची एक्सपल्स २००. आमच्याकडे काळी माती, तिच्यात कोणतंही टायर अर्ध्या किलोमीटरमध्ये गोळा होतं. बटनांच्या मधली जागा भरली की बटन असून नसल्यासारखं. वर कापूस निघाल्यावर शेतात राहिलेले पऱ्हाटीचे खुंट. ते तिरपे कापलेले असतात आणि ट्यूबमध्ये सरळ घुसतात. मी पुढे बटन आणि मागे मध्यम नक्षी ठेवतो. मागचं टायर टिकतं आणि पुढचं चाक चिखलात दिशा धरतं. तुम्हीही तसंच करा.

एक सांगतो, माझ्या मागच्या चाकाची रिम १८ची आहे, तुमची १७ची. कुणी एक्सपल्सचं जुनं टायर स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका, बसणार नाही.

शहाद्याचा विज्ञान शिक्षक

हवेचं तुम्ही बरोबर पकडलंत. चिखलासाठी कमी ठेवा म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. जूनमध्ये मागे २२ पीएसआय केली ती तशीच राहिली.

धुळे, टायरचं काम

सर, मी बावीस वर्षं आग्रा रोडला टायरच बसवतो. तुमचं टायर न पाहताही सांगतो, बटनांची एक कड उंच असेल आणि एक खाली. हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत लागेल, उलट दिशेने करवतीसारखं. बरोबर?

२२ हवेवर डांबरावरून रोज ७० किमी म्हणजे बटन प्रत्येक फेरीला वाकतं, घासतं, परत उभं राहतं. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त दबते, त्यातून उष्णता वाढते आणि गरम रबर लवकर झिजतं. नोव्हेंबरात ठीक आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा डांबर हाताला लावता येत नाही. हेच टायर तेव्हा दोन-अडीच महिन्यांत संपलं असतं.

आता तुमच्या वळणाबद्दल, कारण तीच गोष्ट महत्त्वाची. बटन टायरमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे डांबराला टेकणारं रबर कमी. ओल्या घाटात तुम्ही थोड्याशा रबरावर वळत होता आणि मागे लेकरू बसलेलं. तो दोष तुमच्या गाडी चालवण्याचा नव्हता. ते टायर त्या रस्त्याचं नव्हतंच. तुमचे ७६ पैकी ७० किमी डांबर आहेत, म्हणून टायर डांबराचंच निवडा. मोठे जोडलेले ठोकळे, मधली पट्टी जवळजवळ सलग आणि कडेला खोल खाचा, अशी नक्षी मागे घ्या. डांबर ८० कच्चा २० किंवा ५०-५० असं सांगतात, त्यावर जाऊ नका. प्रत्येक कंपनी ते आपापल्या हिशेबाने लावते. दोन टायर शेजारी ठेवा आणि मधल्या पट्टीत किती रबर आहे ते डोळ्यांनी बघा.

अमळनेरच्या भावाचं त्याच्या रस्त्यासाठी बरोबर आहे. पण सर, तुम्ही पुढे बटन घालू नका. घाट उतरताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, जोराचा ब्रेक तिथेच लागतो. पुढेही मागच्यासारखीच नक्षी ठेवा. शेवटचे तीन किमी पावसात हळू जावं लागेल, एखाद्या दिवशी गाडी लावून चालावंही लागेल. ते मी पत्करेन.

घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. तीन-चार वर्षं पडून राहिलेलं टायर नवंकोरं दिसतं, पण रबर कडक झालेलं असू शकतं आणि मग पावसात आधी तेच सरकतं. मागच्याला ६४एस किंवा त्याच्यावरचं बघा. ६४ म्हणजे २८० किलो भार, एस म्हणजे ताशी १८० किमी. तुमच्या चाकाला तारा आहेत म्हणून ट्यूब लागणारच, आणि ती नवीनच घाला. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि घडीवरच फाटते. बसवणाऱ्याला रिमच्या आत बोट फिरवायला सांगा, तारेचं टोक वर आलेलं नको. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने. पहिले शंभर-दीडशे किमी वळणात झुकू नका, वरचा चकाकता थर निघायला तेवढं लागतं.

एकटे असाल तर पुढे २५, मागे ३२. मुलगी असेल तर मागे थोडी वाढवा. सकाळी गाडी थंड असताना मोजा, पंपावर पोचल्यावर नाही. आणि तुम्ही विज्ञानाचे सर आहात, तर नक्षीची खोली मोजून लिहून ठेवा. माझ्याकडे कुणी हिशेब आणत नाही, सगळे टायर फाटल्यावर येतात.

शहाद्याचा विज्ञान शिक्षक

दादा, हात फिरवला. अगदी करवत.

उशिरा लिहितोय. तुम्ही सांगितलं तशी नक्षी दोन्ही चाकांना घातली, मागच्यावर शिक्का या वर्षीचाच मिळाला. नवी ट्यूब घातली. तारेचं एक टोक खरंच वर होतं, बसवणाऱ्याने ते घासून घेतलं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरने मधल्या पट्टीची खोली मोजली, ८.६ मिमी. १,८०० किमीनंतर ८.० मिमी. याच गतीने झिजलं तर २ मिमीला पोचायला अजून १८,००० किमी. मे महिन्यात गती वाढेल हे गृहीत धरलंय. नववीची मुलं दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मोजतात, आलेख वर्गात लावलाय.

पाऊस झालेला नाही, त्यामुळे ओल्या घाटाचं अजून सांगता येत नाही. कोरड्यात त्या वळणावरून काल मुलीला घेऊन गेलो. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही ब्रेक नाही लावला."

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर इथेच लिहितो.